दंडावरचा शुगर सेन्सर: नऊ दिवस माझ्या हातावर, चौदा दिवस आईंच्या

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. एकतर खाली कस्टमर केअरच्या नावाने बोटं मोडणार आहे, आणि दुसरं म्हणजे असले सेन्सर दोन-तीन कंपन्यांचे मिळतात, कामाची पद्धत साधारण सारखीच, तेव्हा मला कोणाची जाहिरात पण करायची नाहीये. आणि मी डॉक्टर नाही, ठाण्यात पाचपाखाडीत राहणारी, रोज दादरला नोकरीला जाणारी बाई आहे, सहा वर्षं शुगर आहे, त्यामुळे गोळ्या नि इन्सुलिनची युनिटं आपापल्या डॉक्टरांना विचारूनच.

तर झालं असं की एप्रिलमधे माझं एचबीएवनसी ८.२ आलं. आधी ७.१ होतं. मेटफॉर्मिन दोन वेळा चालू, गोड बंद, चहात साखर नाही, आणि तरी ८.२. हा आकडा म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांत हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली त्याचा हिशोब, आणि ८.२ म्हणजे सरासरी शुगर १८९च्या आसपास. आता गंमत बघा, लॅबमधे माझं फास्टिंग १३८ आणि जेवणानंतरचं १८५. मग सरासरी १८९ कशी? म्हणजे मी बोट टोचत नव्हते त्या वेळात कुठेतरी ती वर जाऊन बसत होती. डॉक्टर म्हणाले अजून एक गोळी वाढवण्याआधी पंधरा दिवस हा सेन्सर लावा, बघू तरी कुठे गळती आहे ती.

किंमत ऐकून मी आधी नाहीच म्हणाले. साडेचार हजार, आणि चौदा दिवसांत फेकून द्यायचा. नवरा म्हणाला अगं तेवढ्याची तू वर्षाला साडी घेतेस. (घेत नाही. पण असो.) नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या मेडिकलमधे काकांनी दोन दिवसांत मागवून दिला.

वस्तू म्हणाल तर एक पांढरी चकती, दहाच्या नाण्याहून जरा मोठी. दंडाच्या मागच्या बाजूला लावायची. डब्यात एक ठशासारखं यंत्र येतं, स्पिरिटने पुसून दंडावर दाबलं की खटॅक, झालं. नवऱ्याचेच हात थरथरत होते, मला मुंगी चावल्याएवढंही कळलं नाही. आत जेमतेम अर्धा सेंटीमीटरची एक केसासारखी तार राहते. एक तास थांबायचं, मग फोन दंडाजवळ नेला की आकडा दिसतो आणि मागच्या आठ तासांची रेघ दिसते, फार वर-खाली गेलं तर फोन स्वतःच बोंबलतो. पहिला दिवस आकडे वेडेवाकडे, बोट टोचून १४४ तर हा १८० दाखवतोय, मी म्हटलं गेले पैसे. दुसऱ्या दिवसापासून १०-१५चा फरक, तेवढा चालतो.

इथे एक गोष्ट कळली पाहिजे, नाहीतर उगाच भांडत बसाल. हा सेन्सर रक्तातली साखर बघतच नाही. कातडीखाली पेशींच्या मधे जे पाणी असतं त्यातली बघतो, आणि साखर रक्तातून तिथे झिरपायला पाच-दहा मिनिटं जातात. त्यामुळे शुगर भराभर वर चढत असेल किंवा पडत असेल तेव्हा बोटाचा आकडा नि ह्याचा आकडा जुळणार नाही. आणि शेजारच्या वहिनींनी विचारलं तसं, नाही, हा इन्सुलिन सोडत पण नाही आणि मोजत पण नाही. फक्त साखर मोजतो. पण साखरेची रेघ बघत बसलं की इन्सुलिन कामावर आलंय की दांडी मारलीये ते दिसतं, आणि माझ्या मते पैसे त्याचेच आहेत.

सहा वर्षं मी इन्सुलिन हा शब्द ऐकतेय, कुलूप-किल्लीचं चित्र दवाखान्याच्या भिंतीवर बघतेय, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं. आता मला ते आमच्या सोसायटीच्या पाण्यासारखं दिसतं. पालिकेचं पाणी खालच्या टाकीत पडतं, ते गच्चीवर चढवायला वॉचमनने पंप लावायला लागतो. पंप लावलाच नाही तर खालची टाकी भरून वाहते आणि वर नळाला टिपूस नाही. जेवण म्हणजे पालिकेचं पाणी, रक्त म्हणजे खालची टाकी, आणि पंपाचं बटण म्हणजे इन्सुलिन. पोटाच्या मागे स्वादुपिंड असतं, त्यातल्या बीटा पेशी ते बनवतात आणि ते आलं की स्नायू आणि चरबीच्या पेशी साखर आत घेतात. खालची टाकी साधारण १८०च्या वर गेली की किडनीला आवरत नाही, साखर लघवीवाटे वाहायला लागते, आपल्याकडे जुन्या वैद्यांनी मधुमेह नाव त्यावरूनच ठेवलंय. टाइप १ म्हणजे बटणच गेलं, बीटा पेशी शरीरानेच मारून टाकल्या, तिथे बाहेरून इन्सुलिन घेतल्याशिवाय माणूस जगतच नाही. माझ्यासारख्या टाइप २ला बटण आहे पण पाइप चोंदलेत, त्यामुळे पंप दुप्पट वेळ चालवावा लागतो, आणि असं वर्षानुवर्षं चाललं की वॉचमनच थकतो.

आणि काम केवढं नाजूक आहे बघा. अंगात धरा पाच लिटर रक्त, शुगर १००, तर एकूण साखर किती? पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा! सगळ्या शरीरात वाहणारी साखर एक चमचा, आणि मी सकाळी बशीभर पोहे खाते त्यात चाळीसेक ग्रॅम कार्ब, म्हणजे आठ चमचे. ते आठ चमचे रक्तात येता येता बाजूला लावायचे आणि टाकीत एकच चमचा ठेवायचा, हे ज्यांना शुगर नाही त्यांच्या अंगात दिवसातून तीन-चार वेळा होतं आणि त्यांना पत्ताही नसतो. मुलाला म्हटलं तुझं स्वादुपिंड ग्रेट आहे रे. त्याने हेडफोन पण काढला नाही.

आता पोहे. दुसऱ्याच दिवशी मला धक्का तिथेच. साडेसातला १४१, पोहे नि बिनसाखरेचा चहा घेऊन लोकल पकडली, मुलुंड-भांडुपच्या मधे कुठेतरी फोन दंडाला लावला तर २२६. बाजूची बाई बघत होती मी दंड काय स्कॅन करतेय ते. आणि लॅबमधे दोन तासांनी गेलं की १८५ सापडतं, कारण तोवर ती उतरायला लागलेली असते. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की चांगल्या स्वादुपिंडात थोडं इन्सुलिन तयार करून ठेवलेलं असतं, खायला लागलं की काही मिनिटांत पहिला लोट येतो, मग सावकाश दुसरा. टाइप २मधे तो पहिला लोटच आधी जातो. म्हणजे माझा वॉचमन येतो, पण पाणी वाहायला लागल्यावर चप्पल शोधत येतो.

मग मी प्रयोगच सुरू केले. तेच पोहे, निम्मे, आणि आधी वाटीभर मटकीची उसळ, १८२च्या वर गेली नाही. मामलेदारची मिसळ खाल्ली, मुद्दाम, सेन्सर लावून, मला वाटलं आज फोन फुटणार. मिसळ आणि एक पाव, १९०. दुसऱ्या खेपेला मोह आवरला नाही, दोन पाव, २२१. म्हणजे गुन्हेगार पाव आहे, तर्री नाही (तर्रीचे गुन्हे वेगळे, ते रात्री कळतात). ज्वारीच्या भाकरीबद्दल मात्र माझा भ्रमनिरास झाला, दोन भाकऱ्या नि पिठलं, २०४. आमच्याकडे सगळे म्हणतात भाकरीने काही होत नाही. होतं. पोळीपेक्षा जरा सावकाश चढली एवढंच. रात्री साडेनऊला वरण-भात खाऊन झोपलं तर रेघ अकरा वाजता २३०ला आणि दीड वाजेपर्यंत खाली यायचं नाव नाही, आणि हे मी सहा वर्षं रोज करतेय. माझी गळती ती. आमरस विचारू नका. मे महिना होता, हापूस घरात, वाटीभर रस नि दोन पुऱ्या, २६३, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाहीये.

चालण्याचा परिणाम बघून मात्र मी खरंच चाट पडले. रात्री जेवल्यावर कचराळी तलावाला पंधरा-वीस मिनिटं फेऱ्या मारल्या, साध्या, मैत्रिणीशी गप्पा मारत, ऑलिंपिकला जायच्या नाही, आणि तेवढ्याच भातावर रेघ १८८ला थांबली. चाळीस आकडे! कारण स्नायू हलत असले की इन्सुलिनची वाट न बघता पण ते साखर ओढून घेतात. वॉचमन झोपलेला असताना लोकांनी बादल्यांनी पाणी वर नेल्यासारखं. हे डॉक्टर सहा वर्षं सांगतायत, पण सांगणं वेगळं आणि डोळ्यासमोर रेघ वाकताना बघणं वेगळं.

दुसरी गोष्ट, जी मला कोणी सांगितलीच नव्हती. पहाटे चार ते सात, पोटात अन्नाचा कण नाही, आणि रेघ ११८वरून १४५ला चढते. रोज. मी म्हटलं झोपेत कोणी भरवतंय का मला? तर ते लिव्हर. रात्री उपाशी असताना लिव्हर स्वतःच्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं, मेंदूला चालू ठेवायला, आणि पहाटे कॉर्टिसोल वगैरे हार्मोन वाढतात ते त्याला अजून सोड म्हणतात. आता पुरे म्हणून लिव्हरला थांबवायचं कामही इन्सुलिनचंच. ते कमी पडलं किंवा लिव्हरने ऐकलं नाही की सकाळी फास्टिंग वाढलेलं. आणि मेटफॉर्मिन मुख्यतः इथेच काम करतं, लिव्हरचा हा नळ बारीक करतं. मी रात्रीची गोळी आठवड्यातून दोनदा तरी विसरायचे. विसरले त्या रात्रीनंतरची रेघ मी नवऱ्याला दाखवली नाही.

ऑफिसमधे अर्धं डिपार्टमेंट दीक्षित डाएटवाल्यांचं, दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत उरकायचं, कारण खाल्लं की दर वेळी इन्सुलिन सुटतं. माझ्या रेघेवर पाच वाजताच्या दोन मारी बिस्किटांचंही टेकाड दिसलं, त्यामुळे मधलं खाणं बंद करण्यात तथ्य आहे हे मला पटलं, आणि मी केलंही. पण जे इन्सुलिन किंवा स्वादुपिंडाला हाकणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी ऑफिसातल्या सल्ल्यावर जेवण टाळू नये, का ते पुढे येतंच.

आणि बारीक माणसाला शुगर कशी, हा प्रश्न मला लग्नाकार्यात दर वेळी येतो, मी ५२ किलो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो २००४ साली लॅन्सेटमधे आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सेम २२.३, पण चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२. म्हणजे आपण काडीपैलवान दिसतो पण आत लोणी. ती पोटातली चरबी इन्सुलिनचं ऐकू देत नाही. तो फोटो मी आता फोनमधे ठेवलाय, विचारलं की दाखवते.

आता तक्रारी. चौथ्या रात्री तीन वाजता फोन किंचाळला. शुगर ६१. नवरा उठला, घाबरला, मी काही बोलायच्या आत तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, मी पण अर्धवट झोपेत प्यायले. मग बोट टोचलं तर ११२! झालं होतं असं की मी त्याच कुशीवर झोपले होते, सेन्सर दाबला गेला की तिथलं अभिसरण कमी होतं आणि तो खोटाच कमी आकडा दाखवतो. डॉक्टर हसले, म्हणाले नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर इतकी पडणं सहसा होत नाही, आधी बोट टोचायचं मग साखर. त्या रात्रीची आमची शुगर नंतर २१०. ही माहिती पुस्तिकेत आहे, इतक्या बारीक अक्षरात की मुंगीला चष्मा लागेल.

आणि चिकटपणा. मे महिन्यात ठाणे स्टेशन, सकाळी साडेआठ, लेडीज डबा, घाम. सातव्या दिवशी कडा सुटायला लागल्या, मेडिकलची टेप लावली. नवव्या दिवशी दादरला उतरताना मागच्या मुलीच्या बॅगेचा पट्टा अडकला आणि चकती टेपसकट प्लॅटफॉर्मवर. पाच दिवस बाकी होते, म्हणजे सोळाशे रुपये प्लॅटफॉर्मवर. मी ती उचलून रुमालात बांधून ऑफिसला गेले, माहेरहून आलेल्या नथीसारखी.

कस्टमर केअरला फोन केला. पहिल्यांदा बावीस मिनिटं म्युझिक. दुसऱ्यांदा एक मुलगा म्हणाला मॅडम घामाने पडला की बॅगेने पडला? मी म्हटलं दोघांनी मिळून पाडला. मग सिरियल नंबर, बिल, चकतीचा फोटो, दंडाचा फोटो, पुन्हा बिलाचा फोटो कारण आधीचा ब्लर. प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि नव्याने रामायण. पण नाकबूल कशाला करू, नवीन सेन्सर पाठवला त्यांनी फुकट. एकोणीस दिवसांनी. तोपर्यंत माझं काम झालं होतं. पहिले चार दिवस ७० ते १८०च्या मधे मी निम्माच वेळ होते, शेवटचे पाच दिवस ७२ टक्के, आणि डॉक्टरांचं टार्गेट ७०च्या वरचं असतं. गोळी वाढली नाही, रात्रीचं जेवण आठला आलं आणि भात दुपारी गेला.

मग तो आलेला सेन्सर आईंना लावला. आई म्हणजे सासूबाई, वय ७४, इन्सुलिनवर बारा वर्षं. खरं तर तेरा व्हायची, पण पहिलं वर्ष त्यांनी घेतलंच नाही, कारण भजनी मंडळात कोणीतरी सांगितलं की ते डुकराचं असतं. आता जुन्या काळी असायचं हे खरंय, गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढायचे. पण १९८२पासून माणसाच्या इन्सुलिनसारखंच हुबेहूब इन्सुलिन जिवाणूंकडून बनवून घेतात. हे त्यांना शेवटी नातवाने पटवलं, त्याला बायोलॉजीला होतं, आमचं त्यांनी ऐकलं नव्हतं. त्याच नातवाने त्यांना ती टोरांटोची गोष्ट सांगितली, की १९२१मधे बँटिंग आणि बेस्टनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन शोधलं, जानेवारी १९२२मधे चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं, ते नीट शुद्ध नव्हतं, बारा दिवसांनी त्यांच्या सोबतच्या कॉलिपने शुद्ध केलेलं दिलं तेव्हा पोराची शुगर खाली आली. त्याआधी असल्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे आणि तेवढेच थोडे महिने जास्त मिळायचे. पेटंट त्यांनी विद्यापीठाला एका डॉलरला दिलं. आई ऐकून म्हणाल्या, माणसं होती बाबा. मग दुसऱ्या दिवशीपासून इंजेक्शन सुरू. गोळी का नाही काढत मेले, हे मात्र अजून विचारतात. इन्सुलिन हे प्रोटीन आहे, पोटात गेलं की डाळीसारखं पचून जातं, म्हणून सुईनेच.

आईंचं तीस-सत्तरचं मिक्स इन्सुलिन आहे, पेनने, सकाळी आणि रात्री. तीस भाग लवकर काम करणारं, सत्तर भाग सावकाश, ज्याचा जोर दुपारपर्यंत येतो. म्हणजे सकाळी आठला टोचलं तेव्हाच दुपारचं जेवण बुक झालेलं असतं. आपला वॉचमन पाणी बघून पंप लावतो आणि बंद करतो. टोचलेलं इन्सुलिन काही बघत नाही. पाणी असो नसो, पंप चालूच.

सेन्सर लावून सहावा दिवस, संकष्टी. मी ऑफिसात. आईंनी सकाळी नेहमीचीच युनिटं घेतली, एक केळं, चहा, मग थेट चंद्रोदयाला मोदक. अडीच वाजता घरी ठेवलेला फोन बोंबलला, ५८. मुलगा घरी होता म्हणून. तो सांगत होता की आजी कॉटवर पडली होती, कपाळावर घाम, पंखा फुल, आणि म्हणे जरा पडते रे, उपासाचा थकवा आहे. त्याने आमच्या त्या रात्रीवरून शहाणपणा शिकून आधी बोट टोचलं, ६३, खरंच कमी. तीन चमचे साखर पाण्यात. आणि आई त्याला रागावतायत, शुगरवाल्याला साखर देतोस? आज चतुर्थी आहे! (साखर उपासाला चालते, हे पण त्यालाच सांगावं लागलं.) पंधरा मिनिटांनी परत बघितलं, ८४. मग त्याने मला फोन केला. मी दादरहून ठाण्यापर्यंत उभी आले, बसायला जागा होती तरी.

कारण मला आठवत होतं की गेली कित्येक वर्षं दर संकष्टीला आई दुपारी पडतात. घाम येतो, हात थरथरतो, चिडचिड करतात. आणि आम्ही सगळे म्हणायचो उपास सोसत नाही आता आईंना.

डॉक्टरांकडे ती रेघ घेऊन गेलो. त्यांनी उपासाच्या दिवशीची युनिटं वेगळी लिहून दिली, किती ते इथे लिहीत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. शिवाय उपासाला दुपारी काहीतरी खायचंच. आई म्हणाल्या मग तो उपास कसला. बरीच घासाघीस होऊन भगर आणि दाण्याच्या आमटीवर तडजोड झाली. तिथल्या सिस्टरने पोट तपासलं तर बेंबीच्या उजवीकडे लिंबाएवढी गाठ, मऊ, दुखत नाही. बारा वर्षं तिथेच टोचतायत, कारण तिथे दुखत नाही! अशा गाठीत टोचलं की इन्सुलिन कधी शोषलं जातं कधी नाही, जागा बदलत राहायची असते. आणि मिक्सचं पेन आधी तळहातात दहा वेळा घोळवायचं, दहा वेळा उलटसुलट करायचं, सगळं एकसारखं दुधाळ दिसेपर्यंत, हे आम्हाला बारा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं किंवा सांगितलं असेल तर आम्ही ऐकलं नव्हतं. मेडिकलवाल्या काकांना मात्र मानलं पाहिजे, पूर्वी आई बाटलीतून घ्यायच्या तेव्हा त्यांनी एकदा सिरिंज परत घेतली होती माझ्याकडून, बाटली ४०ची (म्हणजे एका मिलीत ४० युनिटं) आणि मी सिरिंज १००ची उचलली होती. त्या सिरिंजवर वीसच्या रेघेपर्यंत भरलं असतं तर आठच युनिटं गेली असती. लाल टोपी चाळीसची, केशरी शंभरची, हे पाठ करून ठेवा.

तर घ्यावा का. माझ्यासारखं, नुसत्या गोळ्यांवर असाल, तर वर्षातून एकदा पुरे, आणि तेही भाकरी-भाताचे प्रयोग करायची हौस असेल तर, नुसता लावून बसायचं असेल तर ते साडेचार हजार ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांत घाला. शक्यतो थंडीत लावा, आणि बॅगेच्या पट्ट्यापासून लांबचा हात निवडा. इन्सुलिनवर असलेलं, वयस्कर, आणि त्यातून उपासतापास करणारं माणूस घरात असेल तर मात्र मी म्हणेन एकदा तरी लावाच, बाकी काही कापून. खटॅक सोपं, रेघ सुंदर, चिकटपणा भिकार, पुस्तिका भिकार, कस्टमर केअर उशिरा का होईना. पाचात साडेतीन. फक्त आईंच्याच दंडावर असता तर साडेचार दिले असते. आम्ही आता आईंना तीन महिन्यांतून एक लावायचा ठरवलंय.

आईंचा चौदा दिवस एकदाही निघाला नाही. त्या लोकलने जात नाहीत ना. परवा संपला, काढला, दंडावर पांढरा गोल राहिलाय. काल सकाळी स्वयंपाकघरातून बघितलं तर आई पेन तळहातात घोळवतायत, मोजतायत, आठ, नऊ, दहा, मग उलटसुलट, मग सवयीने उठून फोनपाशी गेल्या, पदर सारला आणि रिकामा दंड फोनला लावून आवाजाची वाट बघत उभ्या राहिल्या.